मागच्या पायांनी लुळा झालेला गिनीपिग आणि त्याची शुश्रूषा



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेची प्रथा पाडली. तेव्हापासून चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात, दिवस कलल्यावर, चार शहाण्या माणसांचे ऐकावयास जमावे अशी रीत महाराष्ट्रातल्या गावोगाव पडली. असल्या व्यासपीठावर इतिहास, अर्थकारण, संतवाङ्मय असे भारदस्त विषय शोभतात. त्या पंक्तीत आम्ही आज एक वीतभर लांबीचा, शेपूट नसलेला आणि मागचे दोन पाय फरफटत नेणारा प्राणी आणून बसवीत आहोत. श्रोत्यांपैकी काहींना हा पंक्तिप्रपंच वाटेल. परंतु आमची विनंती एवढीच की, निकाल शेवटी द्यावा.

या विषयाकडे आम्ही वळलो ते विद्वत्तेमुळे नव्हे, तर गरजेमुळे. आपल्या शेवगावात गाईगुरे, शेळ्या, कोंबड्या यांची माहिती घरोघरी आहे. जनावर बसले तर काय करावे हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावे लागत नाही. पण गेल्या काही वर्षांत मुलांच्या हट्टापायी शहरातून पिंजऱ्यासह ससे, पांढरे उंदीर आणि गिनीपिग आपल्याही घरांत येऊ लागले आहेत. त्यांच्याविषयीचे पिढीजात ज्ञान आपल्यापाशी नाही. आमच्या घरी अशीच एक मादी आली. मुलांनी तिचे नाव चिमी ठेवले. एका उन्हाळ्यात ती मुलाच्या मांडीवरून फरशीवर पडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो पुढच्या दोन पायांवर अंग ओढीत ती पाण्याच्या भांड्याकडे निघालेली. त्या सकाळी आम्हांला जे ठाऊक असावयास हवे होते आणि नव्हते, ते पुढे डॉक्टरांकडून, पुस्तकांतून आणि चुकांतून शिकलो. तेच आपल्यापुढे मांडतो.

हा पाहुणा कोण?

प्रथम या प्राण्याची ओळख करून घेऊ; कारण शुश्रूषेचे अर्धे नियम ओळखीतूनच निघतात. त्याचे नाव दोन्ही अंगांनी फसवे आहे. तो आफ्रिकेतल्या गिनीचा नव्हे, आणि डुकराशी त्याचे नातेही नाही. तो दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वताच्या प्रदेशातला, कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. तिथल्या लोकांनी त्याला हजारो वर्षांपूर्वी माणसाळविले, तेही मुख्यतः मांसासाठी. सोळाव्या शतकात तो स्पॅनिश लोकांबरोबर युरोपात गेला आणि तिथे हौसेचा प्राणी बनला. यावरून दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक, तो थंड डोंगराळ मुलखातला आहे. आपला वैशाख त्याच्या पूर्वजांनी कधी पाहिला नाही. दुसरी, तो गवतावर जगणारा कळपातला प्राणी आहे. भक्ष्य होण्याची भीती त्याच्या हाडीमाशी असल्यामुळे दुखणे तो शक्य तोवर लपवितो. त्याचे दुखणे आपल्याला दिसू लागते तेव्हा ते बहुधा बरेच पुढे गेलेले असते.

या मुक्या जिवाचे आपल्या महाराष्ट्रावर एक ऋणही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि पुढे तो देशभर पसरला. आपल्या आजे-पणज्यांनी गाव सोडून माळावर झोपड्या टाकल्या, त्या याच साथीत. हा रोग पसरतो कसा, याचा उलगडा होत नव्हता. १८९८ साली कराचीत सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरांवरच्या पिसवांकडे बोट दाखविले, पण ते पुष्कळांना पटले नाही. पुढे १९०५ पासून प्लेग कमिशनच्या शास्त्रज्ञांनी मुंबईत प्रयोग केले. प्लेग झालेल्या घरांत त्यांनी गिनीपिग मोकळे सोडले. पिसवा त्यांच्या अंगावर चढल्या आणि ते प्लेगने मेले. ज्यांच्या पिंजऱ्यापर्यंत पिसवा पोचू शकल्या नाहीत, ते मात्र त्याच हवेत श्वास घेऊन धडधाकट राहिले. हवा निर्दोष ठरली, पिसू दोषी ठरली. परळच्या ज्या प्रयोगशाळेला १९२५ साली हाफकिन यांचे नाव देण्यात आले, तिच्या इतिहासात या वीतभर प्राण्याचाही वाटा आहे.

पाय लुळे पडतात म्हणजे काय होते?

आपण कालव्याच्या मुलखातली माणसे आहोत, म्हणून कालव्याचीच उपमा घेऊ. मेंदू हे धरण मानले, तर पाठीच्या मणक्यांमधून जाणारा मज्जारज्जू हा मुख्य कालवा आणि त्याला फुटणाऱ्या नसा या चाऱ्या होत. मागच्या पायांना पाणी मिळावयाचे ते कालव्याच्या शेपटाकडून. वर कुठेही फूट झाली तरी शेपटाकडचे शेत कोरडे पडते, हे आपल्याला सांगावयास नको. पण शेत कोरडे पडण्याचे कारण दर वेळी कालव्याची फूटच असते असे नाही. कधी धरणातच पाणी नसते, कधी चारीत गाळ असतो, कधी शेतच नापीक झालेले असते. तसेच इथेही आहे. मागचे पाय चालेनासे होणे हा एक रोग नव्हे, ते पुष्कळ रोगांचे एकच दिसणारे लक्षण आहे.

ही कारणे थोडक्यात अशी: पडल्याने, चेंगरल्याने किंवा चुकीच्या रीतीने उचलल्याने मणक्याला झालेली इजा, क जीवनसत्त्वाच्या अभावी होणारा स्कर्व्ही, म्हातारपणी मणक्यांची व सांध्यांची झीज, मज्जारज्जूवर दाब आणणारे गळू किंवा गाठ, मूत्राशयातला खडा, ज्याच्या वेदनेने प्राणी मागचा भाग हलवीत नाही, आणि मादीच्या बाबतीत गाभणपणाच्या अखेरीस किंवा विल्यानंतर येणारे दुखणे. याशिवाय तळपायाला पडलेल्या जखमा आणि वाढून वळलेली नखे यांमुळेही प्राणी पाय टेकीत नाही आणि पाहणाऱ्याला तो लुळा वाटतो. यांतली काही दुखणी पुरती बरी होतात, काही निम्मी होतात, काही होत नाहीत. म्हणून पहिला धडा असा की, आपण घरी निदान ठरवू नये. आम्ही ते ठरविले होते: चिमी पडली, म्हणून पाय गेले. ते अर्धेच खरे निघाले.

पडणे हे निमित्त, कारण दुसरेच

तालुक्याच्या ठिकाणी जनावरांचा डॉक्टर म्हणजे गाई-म्हशींचा डॉक्टर, असे आपण धरून चालतो. पण शरीरशास्त्र त्यांनी सर्वच प्राण्यांचे शिकलेले असते. आम्ही ज्यांच्याकडे गेलो त्यांनी पडण्याची हकीकत ऐकून घेतली आणि मग विचारले, "हिला खाऊ काय घालता?" आम्ही मोठ्या अभिमानाने सांगितले की, सशाचे तयार गोळीखाद्य, बिस्किट, पाव आणि भरपूर लसूणघास. ते म्हणाले, "आणि ताजी भाजी, फळ?" तर उन्हाळ्यात भाजी महाग म्हणून दोन महिने काही नाही. त्यांनी तिच्या गुडघ्यांवरून बोट फिरविले. सांधे सुजलेले होते. हिरड्या पाहिल्या; त्यांतून रक्त येत होते. शहरात जाऊन काढलेल्या एक्स-रेत मणका मोडलेला दिसला नाही. मांडीवरून पडणे हे निमित्त झाले. शरीर आतून आधीच पोखरले गेले होते.

इथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. गाय, शेळी, कुत्रा, उंदीर हे प्राणी क जीवनसत्त्व आपल्याच शरीरात तयार करतात. म्हणून शेळीला कोणी आवळा चारीत नाही. माणूस आणि गिनीपिग यांना मात्र ते करता येत नाही. त्यासाठी लागणारे शेवटचे विकर दोघांच्याही शरीरात नसते. समुद्रावर महिनोन्‌महिने राहणाऱ्या खलाशांचा काळ ठरलेला स्कर्व्ही १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रॉलिख या शास्त्रज्ञांना गिनीपिगमध्ये आढळला, तो या साम्यामुळेच. नुसत्या धान्यावर ठेवलेले प्राणी आजारले. ताजी भाजी व फळे मिळताच सुधारले. माणसाच्या रोगाचा अभ्यास करण्यास शास्त्राला एक साधन मिळाले, आणि त्या वाटेवर पुढे हंगेरीतल्या सेंट-ग्यॉर्गी यांना क जीवनसत्त्वाच्या संशोधनाबद्दल १९३७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

हे जीवनसत्त्व न मिळाल्यास दोन-तीन आठवड्यांत लक्षणे दिसू लागतात. अंगातल्या पेशींना बांधून ठेवणारा धागाच कच्चा होतो. रक्तवाहिन्या फुटतात, सांध्यांभोवती रक्त साकळते, हाडे ठिसूळ होतात, दात हलतात. पाय टेकणे म्हणजे मरणप्राय वेदना. म्हणून प्राणी पाय ओढतो. याला खरा पक्षाघात म्हणावयाचे नाही, पण पाहणाऱ्याला तो तसाच दिसतो. आणि हाच प्रकार वेळेवर ओळखला तर सर्वांत लवकर सुधारतो.

निरोगी गिनीपिगला दर किलो वजनामागे रोज सुमारे १० ते ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व लागते. आजारी किंवा गाभण असताना त्याहून अधिक, ते डॉक्टरांनी ठरवून द्यावे. पूर्ण वाढलेल्या प्राण्याचे वजन साधारणपणे पाऊण ते सव्वा किलो असते, म्हणजे हा हिशेब अगदी थोडक्यात भागतो. ढोबळी मिरचीची एक-दोन चकत्या, पेरूची लहान फोड, कोथिंबिरीच्या चार काड्या, आवळ्याचा छोटा तुकडा, एवढ्यात रोजची गरज निघते. ज्या शेवग्याच्या नावाशी आपल्या गावाचे नाव जुळते, त्याच्या कोवळ्या पाल्यातही हे जीवनसत्त्व आहे. मात्र त्यात चुना, म्हणजे कॅल्शियमही पुष्कळ असल्यामुळे तो चवीपुरताच द्यावा. हाच नियम लसूणघासाला. आपल्या जिल्ह्यात दुभत्या गाईसाठी लसूणघासाइतका चांगला चारा नाही. वाढत्या पिल्लाला आणि गाभण मादीलाही तो चालतो. पण मोठ्या गिनीपिगला रोज दिल्यास त्यातल्या कॅल्शियममुळे मूत्राशयात खडा होण्याचा धोका वाढतो. जे गाईला अमृत ते सर्वांनाच अमृत, हा आमचा समज होता आणि तो चुकीचा ठरला.

सशाच्या तयार खाद्यात क जीवनसत्त्व नसते, कारण सशाला त्याची गरज नाही. गिनीपिगसाठी केलेल्या खाद्यातले जीवनसत्त्वही साठवणीत, विशेषतः उष्ण आणि दमट हवेत, उडून जाते. पाण्याच्या बाटलीत औषधाचे थेंब टाकण्याची युक्ती पुष्कळ जण करतात; तीही भरवशाची नाही, कारण पाण्यात ते टिकत नाही आणि चव बदलल्यामुळे प्राणी पाणीच कमी पितो. थेट तोंडात द्यावे, हे उत्तम.

पहिल्या दिवशी काय करावे, काय करू नये

पाय चालत नाहीत असे दिसताच प्राण्याला हिंडू देऊ नये. एका हाताने छाती आणि दुसऱ्या हाताने मागचा भाग असा पूर्ण आधार देऊन उचलावे. मागचा भाग कधी लोंबकळू देऊ नये. उथळ खोक्यात मऊ फडके घालून ठेवावे, खाणे-पाणी तोंडाशी द्यावे, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. जाण्यापूर्वी तीन गोष्टी पाहून ठेवाव्यात: लघवी झाली का, लेंड्या पडल्या का, आणि काही खाल्ले का. डॉक्टर हेच प्रथम विचारतील.

डॉक्टर पायाचे बोट चिमटीत दाबून पाहतात. त्यात एक बारकावा आहे, तो समजून घ्यावा, नाहीतर खोटी आशा लागते. बोट दाबताच पाय मागे खेचला गेला, म्हणजे मज्जारज्जू शाबूत आहे असे नव्हे. ते काम खालच्या भागातल्या नसा आपल्या आपणच करतात. कालवा फुटला तरी विहिरीवर भिजणारे शेत हिरवे राहतेच. ते पाहून कालवा वाहतो आहे असे कोणी म्हणू नये. बोट दाबल्यावर प्राण्याने मान वळविली, ओरडला, म्हणजे दुखल्याची वर्दी मेंदूपर्यंत पोचली, तर आशा धरावयास जागा आहे. खोल दाबूनही वर्दी पोचत नसेल, तर पाय परत येण्याचा संभव फार थोडा. कालव्याची फूट बुजविता येते. तुटलेला मज्जारज्जू जोडता येत नाही. उपमा येथे संपते.

आता काय करू नये ते. हाडवैद्याकडून पाठ चोळून घेऊ नये. माणसांची वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून देऊ नये. आणि सर्वांत महत्त्वाचे, घरातले उरलेले प्रतिजैविक औषध कदापि देऊ नये. पेनिसिलीन व त्याच्या कुळातली औषधे, अ‍ॅम्पिसिलीन, अ‍ॅमॉक्सिसिलीन ही गिनीपिगला घातक आहेत. त्याच्या आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, घातकी जंतू माजतात आणि प्राणी थोड्या दिवसांत दगावतो. २५ मे १९४० रोजी ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी यांनी पेनिसिलीनची पहिली मोठी कसोटी घेतली ती आठ उंदरांवर. त्या दिवशी त्यांनी उंदरांऐवजी गिनीपिग घेतले असते, तर कदाचित ते औषध विषारी म्हणून बाजूस पडले असते. ज्या औषधाने लाखो माणसे वाचली ते या प्राण्याला मारते. त्याला चालणारी प्रतिजैविके निराळी आहेत. ती डॉक्टरांनीच निवडावीत.

रोजची शुश्रूषा

निदान झाले, औषध सुरू झाले, की पुढचे काम घरच्यांचे. ते अवघड नाही, पण रोजचे आहे.

पहिली गोष्ट पोटाची. गिनीपिगचे आतडे सतत चालू राहावे लागते. बारा-चौदा तासांचा उपास आपल्याला एकादशीला पुण्य देतो. त्याला तो मरणाच्या दारी नेतो. त्याचे दातही आयुष्यभर वाढतात आणि गवत चावूनच झिजतात. म्हणून वाळले गवत रात्रंदिवस तोंडाशी असावे. कोवळी हिरवी ज्वारी मात्र देऊ नये. तिची विषबाधा गुरांनाही होते हे आपण जाणतोच. स्वतः खात नसेल, तर डॉक्टरांनी सांगितलेले प्रमाण ठरवून खाद्य पाण्यात कालवून, बिनसुईच्या पिचकारीने, पुढचे दात आणि दाढा यांच्यामधल्या फटीतून थोडे थोडे भरवावे. घाई केल्यास ते श्वासनलिकेत जाते. रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या तराजूवर वजन करून वहीत लिहावे. प्राणी दुखणे लपवितो, पण तराजू लपवीत नाही. लागोपाठ दोन-तीन दिवस वजन उतरले, तर इतर काही दिसो न दिसो, डॉक्टरांकडे जावे.

इथे एक गोष्ट सांगताना संकोच वाटतो, पण सांगितली पाहिजे. हा प्राणी आपल्या काही मऊ लेंड्या थेट गुदद्वाराशी तोंड नेऊन खातो. हा घाणेरडेपणा नव्हे. गुरे रवंथ करतात तसाच हा अन्नातले सत्त्व दुसऱ्यांदा घेण्याचा मार्ग आहे. मागचा भाग लुळा पडला की त्याला तिथवर वळता येत नाही. अशा लेंड्या ताज्या असताना उचलून त्याच्यापुढे धरल्या तर तो त्या आवडीने खातो. आमच्या घरी हे काम करावयास प्रथम कोणी तयार नव्हते.

दुसरी गोष्ट लघवीची. कधी लघवी आपोआप झिरपत राहते, कधी मुळीच होत नाही. होत नसेल तर पोटावर हलका दाब देऊन मूत्राशय रिकामे करण्याची पद्धत आहे; परंतु ती डॉक्टरांनी हात धरून शिकविल्यावाचून करू नये, मूत्राशय फुटण्याची भीती असते. झिरपत असेल तर खालचे फडके दिवसातून चार-पाच वेळा बदलावे. ओल्यावर बसून कातडी सोलवटते. कोमट पाण्याने मागचा भाग धुऊन लगेच पुरता कोरडा करावा. पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात माशी बसून अळ्या पडतात, आणि त्या एका दिवसात प्राण्याचा घात करू शकतात. सकाळ-संध्याकाळ उताणे न करता, मागचा भाग उचलून नीट पाहावे. घोटे आणि तळवे लाल झाले का, तेही पाहावे.

तिसरी गोष्ट उन्हाची. हवा २७-२८ अंशांच्या वर गेली की गिनीपिगला त्रास सुरू होतो. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी गाठतो. धडधाकट प्राणी निदान सावलीकडे सरकतो. लुळा तेवढेही करू शकत नाही. पत्र्याच्या खोलीत त्याला ठेवूच नये. घरातली सर्वांत थंड खोली, खाली शहाबादी फरशी, खिडकीला वाळ्याचा किंवा भिजविलेल्या पोत्याचा पडदा, आणि खोक्याशेजारी ओल्या फडक्यात गुंडाळलेला माठ, एवढे केले की निभावते. पंख्याचा किंवा कूलरचा झोत थेट अंगावर नको. पाण्याचे भांडे उथळ आणि जड असावे. उंचावर टांगलेल्या बाटलीपर्यंत त्याला पोचता येत नाही.

चौथी गोष्ट व्यायामाची. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर पाय दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे, हळुवार दुमडावे व सरळ करावे, म्हणजे सांधे धरत नाहीत. पोटाखालून फडक्याची झोळी घालून मागचा भाग उचलून धरला की प्राणी पुढच्या पायांनी चालतो आणि मागच्यांना जमिनीची ओळख राहते. काही हौशी लोक खेळण्याच्या चाकांचा लहान गाडा करतात. तो बेताचा असेल आणि थोडाच वेळ बांधला तर चालतो. पण प्राण्याला त्यात जखडून ठेवणे म्हणजे रोगापेक्षा इलाज भयंकर. पुष्कळ गिनीपिग मऊ, न घसरणाऱ्या कापडावर गाड्यावाचूनही हवे तिथे पोचतात.

पाचवी गोष्ट सोबतीची. हा कळपातला प्राणी आहे. स्वित्झर्लंडमध्ये तर २००८ च्या नियमांनी गिनीपिग एकटा ठेवण्यास बंदीच घातली आहे. जोडीदार असल्यास दुखण्यातही तो जाळीपलीकडे का होईना, दिसेल-ऐकू येईल असा ठेवावा.

किती दिवस, आणि कशासाठी?

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. आमच्या आजीने तो पहिल्याच आठवड्यात विचारला: "माणसांना औषध मिळत नाही, आणि तुम्ही उंदरामागे शहराच्या खेपा घालता?" तिचे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. प्राणी जेवढ्याला आणला होता, त्याहून एक्स-रे महाग पडला होता. जिथे दोन पावसाळे हुकले की गुरे विकावी लागतात, त्या मुलखात हा हिशेब करणारा माणूस निर्दय असतो असे नाही.

आमचे उत्तर असे. शेतकरी बैल विकतो तेव्हा त्याच्यापुढे पोटाचा प्रश्न असतो. आम्ही हा प्राणी गरजेपोटी आणला नव्हता, हौसेपोटी आणला. त्याला पिंजऱ्यात घालून स्वतःचे अन्न शोधण्याची मोकळीक आम्हीच काढून घेतली, आणि चुकीचे अन्न आम्हीच घातले. हौस आपली आणि हाल त्याचे, ही वाटणी न्यायाची नाही. कायदाही हेच सांगतो. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत लावून धरलेल्या प्रयत्नांतून १९६० साली प्राण्यांच्या छळाला प्रतिबंध करणारा कायदा झाला. प्राणी ज्याच्या ताब्यात आहे त्याने त्याचे कल्याण पाहावे व त्याला अकारण वेदना होऊ देऊ नयेत, हे त्याच्या तिसऱ्या कलमाने कर्तव्य ठरविले आहे. म्हणजे लुळा झाला म्हणून ओढ्याकाठी सोडून येणे हा नुसता कठोरपणा नव्हे, गुन्हा आहे. ज्याला एवढे झेपणार नसेल, त्याने प्राणी आणूच नये. आणि हे मुलाला आणण्यापूर्वी सांगावे, नंतर नव्हे.

पण कर्तव्याला दुसरी बाजूही आहे. शुश्रूषा आपल्या समाधानासाठी चालू आहे की प्राण्याच्या, हे दर आठवड्याला स्वतःला विचारावे. तो अन्न पाहून शीळ घालतो, तोंड पुसतो, आवाजाकडे वळतो, चवीने खातो, तर पाय नसले तरी त्याचे जगणे जगण्यासारखे आहे. तो कोपऱ्यात पाठ कुबडी करून बसतो, दात करकरवितो, अंगावरचे केस उभे राहतात, अन्नाकडे पाठ फिरवितो, जखमा भरत नाहीत आणि औषधानेही हे बदलत नाही, तर डॉक्टरांच्या हातून शांत मरण देणे हीच शेवटची शुश्रूषा होय. हा निर्णय मुलांपासून लपवू नये. स्कर्व्हीचा प्राणी बहुधा पहिल्या एक-दोन आठवड्यांत सुधारणा दाखवितो. इजेच्या बाबतीत किती वाट पाहावयाची ते डॉक्टरांना पहिल्या भेटीतच विचारून ठेवावे, म्हणजे आशा आणि हट्ट यांत घोटाळा होत नाही.

गोदावरीच्या पलीकडच्या तीरावर, पैठणला, नाथांची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. काशीहून रामेश्वराला नेण्यासाठी खांद्यावर आणलेली कावड त्यांनी तापल्या वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडी रिकामी केली. आपण ही कथा सांगतो ती नाथांचे मोठेपण सांगण्यासाठी. पण त्या गाढवाच्या बाजूने पाहिले तर तिच्यात एक साधी गोष्ट आहे: त्याला तहान लागली होती आणि पाणी त्या वेळी मिळाले.

चिमीचे काय झाले, हे सांगून थांबतो. नवव्या दिवशी तिने उजवा पाय टेकला. तीन आठवड्यांनी ती डुलत डुलत चालू लागली. डावा पाय मात्र शेवटपर्यंत पुरता सुधारला नाही. तो ओढीतच ती आणखी सव्वा वर्ष जगली. लेंड्या उचलून पुढे धरण्याचे जे काम कोणी करीत नव्हते, ते पुढे आजीच करू लागली. तिचे स्वतःचे गुडघे गेलेले होते. "बसल्या जागेवरून मला एवढेच जमते," असे ती म्हणे.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी हा प्राणी आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर एवढेच पाहावे की, आजच्या दिवसात त्याला काही ताजे, हिरवे खावयास मिळाले का. नसेल, तर ढोबळ्या मिरचीची एक चकती कापावयास फार वेळ लागत नाही.